बरो प्रेसिडेंट आणि आपला वॉर्ड

मा. संपादक,

जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हातात असलेला कारभार परत नगरसेवकांकडे आला, हे सगळं मी इथे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बसून रोज तुमच्या पेपरात वाचत होते आणि मनापासून बरं वाटलं. पण एक गोष्ट खटकते. मुंबईत वॉर्ड ऑफिसचा प्रमुख अजूनही नेमलेला सहायक आयुक्तच असतो. प्रभाग समितीचा अध्यक्ष असतो, पण त्याला नगरसेवक आपसात निवडतात, लोक थेट नाही.

इथे शहराचे पाच बरो, म्हणजे मोठे विभाग, आहेत आणि प्रत्येकाचा बरो प्रेसिडेंट लोक थेट मतांनी निवडतात. आमच्या क्वीन्सची वस्ती २४ लाख, म्हणजे आपल्याकडचं मोठं शहरच. एकेकाळी या पाचही जणांच्या हातात खूप काही होतं, बोर्ड ऑफ एस्टिमेटवर बसून ते महापौरासोबत बजेट आणि जमिनीचे निर्णय घ्यायचे. पण २० लाखांवर वस्तीच्या ब्रुकलिनला एक मत आणि त्याच्यापुढे अगदी छोट्या स्टेटन आयलंडलाही एकच मत, हे बरोबर नाही म्हणून ब्रुकलिनचे मतदार कोर्टात गेले, १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रचना घटनाबाह्य ठरवली आणि ते बोर्डच गेलं. तेव्हापासून लोक म्हणतात की हे पद आता नुसतं शोभेचं उरलंय, बंद करा.

मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते सांगते. शहरात ५९ कम्युनिटी बोर्ड, म्हणजे भागाभागातल्या रहिवाशांच्या सल्लागार समित्या, आहेत, त्यातले १४ क्वीन्समध्ये, प्रत्येकावर जास्तीत जास्त ५० सभासद, पगार नाही, आणि त्यांची नेमणूक बरो प्रेसिडेंट करतो (निम्मी नावं तिथले कौन्सिल मेंबर, म्हणजे इथले नगरसेवक, सुचवतात). नागरिकत्वाची अट नाही. मला इथे मत देता येत नाही, ग्रीन कार्ड आहे फक्त, तरी मी फॉर्म भरला, इंटरव्ह्यू झाला आणि एप्रिलपासून मी बोर्डावर बसले.

पहिल्याच मीटिंगला एक बांगलादेशी आजी माईकसमोर आल्या, मुलगी बाजूला उभी राहून इंग्लिशमध्ये सांगत होती, बस स्टॉपवर बाक नाही, दवाखान्यात जाताना फुटपाथवर बसावं लागतं. दोन मिनिटं मिळतात बोलायला, त्यांनी दीडच घेतली. कोणी मध्ये तोडलं नाही, सेक्रेटरीने लिहून घेतलं, विषय ट्रान्सपोर्टेशन कमिटीकडे गेला. मला आपल्या सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग आठवली, फक्त इथे सोसायटी लाखभर माणसांची.

झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम, बदलायचं असेल तर मत द्यायला बोर्डाला ६० दिवस, मग बरो प्रेसिडेंटला ३० दिवस, त्याचं मत फक्त सल्ला म्हणून धरलं जातं हे खरं, पण ते लेखी असतं, सगळ्यांना वाचता येतं, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला विचारता येतं की बाबा तू तेव्हा असं का लिहिलंस. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी चार्टर, म्हणजे शहराचा मूळ कायदा, बदलला, त्यात परवडणाऱ्या घरांसाठी जे नवीन अपील बोर्ड आलं त्यावर महापौर, कौन्सिलचे स्पीकर आणि त्या त्या बरोचा प्रेसिडेंट असे तिघं आहेत, तिघांतल्या दोघांनी ठरवलं की कौन्सिलचा निर्णय फिरवता येतो. म्हणजे थोडी पॉवर परत आलीच.

मुंबईत उद्याच बरो करा असं मी म्हणत नाही. पण क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे, मतदार जमतील, आपल्या भागातली कामं सांगतील, अशी. नवीन निवडून आलेल्या २२७ नगरसेवकांना तुमच्या पेपरने एकच प्रश्न विचारावा ही कळकळीची विनंती: तुमच्या प्रभागातली पहिली क्षेत्रसभा कोणत्या तारखेला, कुठे? आणि जी उत्तरं येतील ती प्रभागाच्या नंबरासकट छापा.

आपली,
एक वाचक (मूळची मुंबईकर), क्वीन्स, न्यूयॉर्क