जिन्याखालच्या मीटर रूमबद्दल नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी पहाटे पावणेतीनला आमच्या सात मजली एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या) इमारतीच्या मीटर रूमने पेट घेतला. ज्वाळा तळमजल्यावरच राहिल्या, पण धूर सातव्या मजल्यावर आमच्या घरात शिरला. माझे 74 वर्षांचे वडील आज सहा दिवस ऑक्सिजनवर आहेत.

मीटर रूम जिन्याखाली, तिचं दार प्लायवूडचं आणि उतरायला जिना तो एकच. बाबांना पाठीवर घेऊन मी चौथ्या मजल्यापर्यंत आलो. पुढे स्वतःचा हात दिसेना, म्हणून परत वर चढलो. "मला इथंच ठेव, पोरांना बघ," असं ते माझ्या कानाशी म्हणत होते. डोळा लागला की तेच ऐकू येतं, साहेब.

विजेचा डक्ट, म्हणजे वायरी वर नेणारी उभी पोकळी, प्रत्येक मजल्यावर आगरोधक साहित्याने बंद केलेला हवा, त्यात गॅसचे वा पाण्याचे पाइप आणि टेलिफोनच्या वायरी नकोत, असं राष्ट्रीय इमारत संहिता 2016 सांगते. आमच्या डक्टमध्ये केबलवाले, इंटरनेटवाले सगळेच शिरलेत. दर स्लॅबला हात जाईल एवढी भोकं आहेत. धूर तिथूनच वर चढला. यावर मी तीन अर्ज केले होते. "महिन्याभरात पाहणी करू," हे उत्तर मिळून वर्ष झालं.

राज्याच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. आमचं दिलं गेलं आहे! तपासायला आलेला माणूस मात्र इमारतीत कुणीच पाहिला नाही. अधिकारी सोसायटीकडे बोट दाखवतात, सोसायटी बिल्डरकडे, आणि बिल्डर केव्हाच निघून गेला. झोपडी सोडून पक्क्या घरात या म्हणालात, आम्ही आलो. झोपडीतून निदान पळता तरी येत होतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या एसआरए इमारतीत माणसं गेली, तेव्हाही चौकशी समिती झाली. 21 जून 2012 ला खुद्द मंत्रालय जळालं, पाच जीव गेले. त्यानंतरही तुम्हा लोकांना जाग येत नसेल, तर आमच्या अर्जांनी काय येणार?

मीटर रूमला दोन तास आग थोपवणारी भिंत आणि दार द्या, डक्ट मजल्यागणिक बंद करा, आणि खोटी प्रमाणपत्रं देणाऱ्यांचे परवाने काढून घ्या.

काल त्याच जिन्याखाली नवे मीटर बसले. दार अजून लागलेलं नाही. भोकं उघडीच आहेत.

आपला,
सातव्या मजल्यावरचा एक रहिवासी