टेपचा वेग, रॅगचा वेग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या जुन्या पियानोवादनाच्या कॅसेटचा तो खोका पुन्हा माळ्यावर टाकू नकोस. "घाईघाईत वाजवलंय, लोकांना काय ऐकवू" असं तू लिहितोस, पण ती घाई तुझ्या हातांची की टेपची, हे आधी बघायला हवं. तू वाजवतोस त्या रॅगटाइमचा, म्हणजे ठोक्यांच्या मधे आघात देणाऱ्या अमेरिकी पियानोसंगीताचा, मोठा रचनाकार स्कॉट जॉप्लिन. त्याने आपल्या कित्येक छापील स्वरलिपींवर बजावून ठेवलं होतं, की रॅगटाइम जलद वाजवणं कधीच बरोबर नाही. त्यामुळे वेगाचा निकाल लागल्याशिवाय या वादनावर मत देणं अन्यायाचं होईल.

कॅसेटमधली टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. ध्वनिमुद्रण करताना डेकचा, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्राचा, पट्टा ढिला असेल तर ती हळू सरकते, आणि मग चांगल्या डेकवर सगळं जलद आणि चढ्या पट्टीत ऐकू येतं. जॉप्लिनची 'मेपल लीफ रॅग' ही रचना (१८९९) ए फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे काळी चार. तुझ्या कॅसेटवर ती पांढरी सहामध्ये ऐकू आली, तर वेग सुमारे ६ टक्के जास्त आहे. पण एवढ्यावर विसंबू नकोस. घरचा पियानो बरेच दिवस लावलेला नसला तर तोच उतरलेला असतो, आणि दोन चुका एकमेकींना झाकतात.

खरा साक्षीदार म्हणजे टेपमध्ये उतरलेली विजेची गुणगुण. वादन सुरू होण्याआधीचा शांत तुकडा संगणकावर घे आणि त्याचा वर्णपट बघ, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे त्याचं चित्र. वीज ५० हर्ट्झची असेल आणि गुणगुण ५३ वर दिसली, तर टेप ६ टक्के जलद आहे. नेमकी ५० वर आणखी एक रेघ दिसली तर ती आत्ताच्या डेकची. टेप थांबवली तरी ती राहतेच. आता पडताळा घे. सगळ्या पुनरावृत्ती धरून 'मेपल लीफ'चे प्रत्येकी १६ मापांचे (एका मापात दोन ठोके) ९ भाग होतात: १४४ मापं, २८८ ठोके. कॅसेटवर ते ३ मिनिटं १ सेकंदात संपत असेल तर मिनिटाला ९५ ठोके पडतात. वेग सुधारलास की तेच ३ मिनिटं १२ सेकंद, म्हणजे ९० ठोके. अगदी ऐटीत चालणारा रॅग!

टेप लावण्याआधी हेड (टेप वाचणारा भाग) आणि कॅपस्टन (टेप ओढणारी धातूची दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. रबरी रोलरला मात्र सौम्य साबणाचं पाणी बरं. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळ. टेपच्या मागची नमद्याची चिमुकली गादी गोंद सुकून पडली असेल, तर आवाज कमीजास्त होतो आणि वरचे स्वर जातात. तेव्हा रिळं स्क्रूने उघडणाऱ्या नव्या कॅसेटच्या कवचात घाल. हेडचा कोन बदलणाऱ्या, त्याच्या बाजूच्या स्क्रूची मूळ जागा खूण करून ठेव, डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो कर आणि स्क्रू अगदी थोडा फिरव. टेपची सरसर सगळ्यात उजळ ऐकू येईल तिथे थांब. संगणकावर घेताना पातळी अशी ठेव की सर्वांत जोरदार ठोकाही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. नोंद २४ बिटची कर.

सरसर मात्र ६-८ डेसिबलपेक्षा जास्त कमी करू नकोस. त्यापुढे पियानोच्या विरत जाणाऱ्या स्वरांना पाण्याखालचा आवाज येतो, आणि एकदा तो तुझ्या कानाला लागला की दुसरं काही ऐकूच येत नाही.

जुन्याच्या जोडीला नवं मुद्रण करणार असशील, तर आधी डावा हात एकटा वाजव, मिनिटाला ६० ठोक्यांवर. खर्जाचं सप्तक सुटताच हात स्वरगुच्छावर पोचलेला हवा. वाजवायची वेळ व्हायच्या आधी. तो उशिरा पोचला तर उजव्या हाताने ताल अगदी नेमका धरला तरी उजवा हात पुढे पळाल्यासारखा वाटतो. उजव्या हाताच्या सोळांशांना (पाव ठोक्याच्या स्वरांना) लांब-आखूड झोका देऊ नकोस, ते सरळच राहू देत. रॅगची सगळी गंमत आघात ठोक्यांच्या मधे पडण्यात आहे. पेडल प्रत्येक खर्जाबरोबर बदल. धरून ठेवलंस की डाव्या हाताची उडी चिखलात रुतते.

न सुधारलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेव. लोकांना द्यायच्या प्रतीत पहिल्या स्वराआधी दोन सेकंद सरसर राहू दे, आणि शेवटचा गुच्छ पूर्ण विरेपर्यंत कात्री लावू नकोस.

तुझा मित्र