उरलेल्या चार गोळ्या

ती. आई-बाबांना सा. न.

आई, काल फोनवर तुझा आवाज मोकळा वाटला. लघवीची जळजळ थांबली, रात्री सारखं उठावं लागलं नाही, हे ऐकून फार बरं वाटलं. पण मागून बाबा म्हणाले, "आता कशाला? उरलेल्या चार गोळ्या डब्यात ठेवू, पुढे कामाला येतील." तेवढ्यासाठी हे पत्र.

बाबा, लघवीच्या कल्चर रिपोर्टचा फोटो तुम्हीच पाठवलात. त्यात ई. कोलाय हा जंतू निघालाय. सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर 'आर' आहे, म्हणजे ते या जंतूवर चालणार नाही. नायट्रोफ्युरँटॉइनसमोर 'एस' आहे, म्हणजे ते चालेल, म्हणून डॉक्टरांनी ते निवडलं. १०० मिलीग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. त्रास थांबला म्हणजे जंतू कमी झाले. सगळे गेले असं नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी १९४५ सालीच नोबेलच्या व्याख्यानात बजावलं होतं की अपुऱ्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट त्याला दाद न द्यायला शिकतात. आईला हा त्रास पुन्हा झाला तर हातात चालणारं औषध उरायला हवं, मला त्याचीच काळजी आहे.

आई, लघवी गडद पिवळी-तपकिरी होते म्हणून घाबरलीस ना? तो या गोळीचाच रंग आहे, औषध संपलं की जाईल. गोळी मात्र जेवणासोबतच घे. रिकाम्या पोटी मळमळतं आणि औषध अंगी नीट लागतही नाही. परवा एकादशी आहे, उपास कर, पण भगर किंवा साबुदाण्याची खिचडी खाऊन मगच गोळी. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेल्या गोळ्यांमुळे हे औषध कमी शोषलं जातं.

आणि बाबा, डब्यातली गोळी घसा धरला म्हणून तुम्ही घ्याल, हे मी ओळखून आहे. हे औषध लघवीत साठतं, रक्तात आणि घशा-छातीत पुरेसं पोचतच नाही. शिवाय तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं. मूत्रपिंड मंद असेल तर ते लघवीतही नीट उतरत नाही आणि अंगात साचून त्रास देतं. सर्दी-पडसं तर बहुतेक विषाणूंमुळे होतं, त्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घ्यायचं नाही, मग दांडिया बाजारातला दुकानदार कितीही ओळखीचा असो.

एक मात्र लक्षात ठेवा. आईला थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं किंवा उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो आणि तिथे ही गोळी पुरत नाही. धाप लागली किंवा अंगावर पुरळ आलं, तर ती या गोळीची रिॲक्शन असू शकते. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका, शेजारच्या काकांना उठवा, रिक्षा करा, सयाजी हॉस्पिटल गाठा. निघताना रिपोर्ट आणि गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाका, आणि मला फोन लावा.

तुमची,
मनू