किती पिते?

बेळगाव,
रविवार, रात्री उशिरा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

दिवाळीला मी घेतलेली जुनी गाडी अंगणात लावली तेव्हा बाबा, तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत. डेपोतून बस काढण्याआधी मारायचात ना, तशीच. प्रत्येक टायरला पायाने एक टोला, खाली वाकून एकदा बघणं. मग विचारलंत, "किती पिते?" मी म्हटलं, शहरात लिटरला सात-आठ, हायवेला बारा. "म्हातारी गाय घेतलीस की गं," म्हणालात आणि वैरण टाकायला गेलात. पुढचे दोन दिवस गाडीचा विषय नाही. निघताना तेवढं "तवंदी घाटात सावकाश" म्हणालात, पण ते तर मी स्कूटीवर यायचे तेव्हाही म्हणायचात.

फोनवर हे बोलता येत नाही. मी सुरुवात केली की आई मध्येच "जेवलीस काय?" विचारते आणि तुम्ही फोन तिच्या हातात देऊन मोकळे होता. म्हणून लिहितेय. आईला वाचून दाखवा, गाळू नका.

आधी गावातल्या गप्पांचं. मी जपानहून बोटीने गाडी आणली असं पारावर चाललंय म्हणे. जुनी गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच लागतं, उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात, आणि वर जकात गाडीच्या किमतीहून जास्त. माझ्या पगारात ते बसत असतं तर मी बोटच घेतली असती. नाव जपानी असलं तरी ही होंडा अकॉर्ड दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात जोडलेली, २०११ ची. तो कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद झाला. नवी असताना वीस लाखांच्या आसपास होती. मला साडेतीन लाखांत मिळाली, रोख. हप्ता नाही, बँक नाही. एवढ्या पैशांत नवी छोटी गाडीही दारात येत नाही, हे मी तुम्हाला तिथे अंगणातच सांगायला हवं होतं, पण तुम्ही गोठ्यात गेला होतात.

तुम्ही म्हणाल, स्वस्त मिळते ती काहीतरी लपवूनच मिळते. खरं आहे. पहिली गाडी मी तशीच घेणार होते. एका मोठ्या शहरातला व्यापारी, काचेचं दुकान, चहाबरोबर बिस्किटं. मीटरवर ६२,००० किलोमीटर. रंग असा की तोंड बघून घ्यावं. मी आत बसले आणि सवयीने पायाकडे बघितलं. ऑटोमॅटिक गाडी, दोनच पेडल, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर उजव्या कडेला गुळगुळीत झालेलं, रेघा पार गेलेल्या. स्टिअरिंगचं कातडं वरच्या बाजूला पितळी भांड्यासारखं चकाकत होतं. कारखान्यात रोज मायक्रोमीटर घेऊन क्रँकशाफ्ट तपासते मी बाबा, दोन शतांश मिलीमीटर फरक दिसला की माल परत पाठवते. ६२,००० ला एवढी झीज होत नाही. गाडीच्या नंबरावरून सर्व्हिसचा इतिहास काढला तर दोन वर्षांपूर्वीच १,३१,००० ची नोंद. व्यापाऱ्याला कागद दाखवला तर म्हणतो, "मॅडम, इंजिन बघा, आकडा कशाला बघता?" बिस्किट ठेवून उठले.

आताची गाडी कोल्हापूरच्या एका निवृत्त डॉक्टरांची. मीटरवर १,१८,०००, आणि प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाईलला लावलेलं. ऑईल वेळेवर, गिअरबॉक्सचं ऑईलसुद्धा, जे लोक सहसा बदलतच नाहीत. त्या काळातल्या कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांना ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅग होत्या. उष्णतेने आणि दमट हवेने त्यांतली स्फोटाची दारू बिघडते आणि बॅग उघडताना लोखंडाचे तुकडे उडू शकतात, म्हणून कंपन्यांनी परत बोलावून फुकट बदलून दिल्या. डॉक्टरांनी तेही करून घेतलेलं, कागदासकट. फक्त टायर चांगले दिसत होते ते फसवे. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या. गाडी जागेवरच उभी असायची ना. चारही बदलले. तुम्ही टोला मारलात ते नवे होते.

पाटी तुम्ही बघितली असेलच, केए-२२, बेळगावची. कोल्हापूर पासिंगची गाडी इथे आणून बारा महिन्यांच्या आत नंबर बदलावा लागतो. एनओसी, चेसिसचा छाप, कर्नाटकचा कर, आरटीओच्या चार खेपा. लोक वर्षभर रेंगाळतात, मी दुसऱ्याच महिन्यात उरकलं. का, ते तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याशी महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. तुम्ही रिटायर असूनही टीव्हीपुढे उठून उभे राहिला होतात. मला तुमची फुटक्या काचेची बस आठवली. मी सातवीत असेन. डोक्याला रुमाल बांधून घरी आलात आणि हसत आईला सांगितलंत, "मराठी बोलणाऱ्या ड्रायव्हरच्या कन्नड पाटीच्या बसला मराठी पोरांनीच दगड घातला, आता तक्रार कुणाकडं करू?" मला कुठल्याच बाजूचा दगड नको होता. नाहीतरी एक नोव्हेंबरला, राज्योत्सव आणि काळा दिवस एकाच दिवशी म्हणून, मी गाडी घरीच ठेवते.

घरीच म्हणजे काय, तेही ऐका. गाडी जवळजवळ पाच मीटर लांब आणि शहापूरची आमची गल्ली तुम्हाला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात मागे घेताना घरमालकिणीच्या तुळशीला धक्का लागला. तुळस वाचली, वृंदावनाचा कोपरा गेला. आता कोपऱ्यावरच्या गिरणीच्या बोळात लावते आणि महिन्याला गिरणीवाल्याला पैसे देते. वेशीतल्या उंचवट्यावर पोट घासल्याचा आवाज तुम्ही घरात बसून ऐकला असणार. चौघं बसली की घासतेच. तिरकी घातली की वाचते, ते मला नंतर जमलं.

आता म्हातारपणाचं. तुमचा शब्द मला लागला, पण अगदीच खोटा नाही. घेतली तेव्हा गाडी डीमध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकून ब्रेकवर उभी केली की स्टिअरिंग थरथरायचं. मला वाटलं, इंजिनच गेलं. उद्यमबागेजवळ एक मेस्त्री आहेत, हुबळीकडचे. बॉनेट उघडून त्यांनी इंजिनवर हात ठेवला, मला गाडी डीमध्ये, मग आरमध्ये, म्हणजे रिव्हर्सला, टाकायला लावली. इंजिन जागच्या जागी झोके घेताना दिसलं. म्हणाले, "अक्का, इंजिन छलो ऐती. रबर होग्याद." म्हणजे इंजिन चांगलं आहे, रबर गेलंय. इंजिन ज्या रबरी माऊंटवर बसतं ते बसले होते. त्यांनी मला हेच समजावलं की लोखंडाचं वय किलोमीटरवर मोजायचं आणि रबराचं वर्षांवर. माऊंट, बुश, नळ्या, दारांची रबरं, सगळं चौदा वर्षांचं. माऊंटला बावीस हजार गेले. हा आकडा आईला वाचू नका. बदलल्यावर मेस्त्रींनी चालू इंजिनवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि मला बोलावलं. पाण्यावर गोल तरंग उठत होते, थेंब बाहेर आला नाही.

स्पेअर मिळतात. हेच २.४ लिटरचं इंजिन होंडाने त्याच काळातल्या सीआर-व्हीला दिलं होतं, आणि अमेरिकेत ही गाडी मुबलक विकली गेली, तिचे पार्ट चालतात. माझ्या हाताखालचा पोरगा सांगत होता, "ताई, मी सेडिया बघूलोय." मित्सुबिशीची सेडिया, दिसायला झकास, वळणाला घट्ट. मी त्याला म्हटलं, घे, पण आधी बंपर आणि दिवे कुठे मिळतात ते शोध, मग गाडी शोध. हिंदुस्तान मोटर्स चेन्नईकडे तिरुवळ्ळूरला जोडायची, आता तो कारभार कुठे राहिलाय? पोरगं ऐकणार नाही. त्या वयात आवाज ऐकतात, पार्टचं नाव ऐकत नाहीत.

खरं सांगू, आवाज मलाही ऐकू येतो. पहाटे हत्तरगीच्या पुढे रस्ता मोकळा असला की एखाद्या वेळी पाय दाबते. तुमचं डिझेल इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांना धापा टाकायचं. हे जवळपास सात हजारांपर्यंत चढतं, आणि साडेपाच हजारांच्या पुढे आवाज पालटतो, तिफण ओढणाऱ्या बैलाने एकदम चौखूर उधळावं तसा. वेगाचा आकडा लिहीत नाही. दहा सेकंद, मग पुन्हा ट्रकच्या मागे.

आणि पिण्याचं म्हणाल तर त्यात तुमचाही हात आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ एकतृतीयांश ताकद कमी, म्हणून गाडी थोडं जास्त पिते. त्यात ही गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही, जुन्या नळ्यांचं रबर त्याने लवकर खराब होतं. मेस्त्रींनी इंधनाच्या नळ्या बदलून दिल्यात. इथेनॉल उसातूनही येतं, ऊस जातो आपल्या शेतातून. तुमचा ऊस कारखान्यात, तिथून माझ्या टाकीत, आणि वर तुम्हीच विचारणार, किती पिते!

पण पत्र लिहायला बसले ते आईसाठी. आई, तुला गाडी लागते हे अख्ख्या डेपोला माहीत होतं. ड्रायव्हरची बायको आणि तवंदी घाट उतरेपर्यंत तोंडाला पदर. बाबा तुला आपल्या पाठीमागच्या सीटवर बसवायचे, मागच्या चाकांच्या पलीकडे बस जास्त उसळते म्हणून. पदरात लिंबाची साल, आल्याचा तुकडा, जुनं वर्तमानपत्र. मावशीच्या मुलाच्या लग्नाला गेली नाहीस, कारण आंबोली उतरायची होती. गुडघ्याच्या डॉक्टरकडे सुद्धा बेळगावला येत नाहीस, निपाणीतच दाखवतेस, ते मला कळतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुला मामाकडे संकेश्वरला घेऊन गेले, आठवतं? तू साल हातात धरून बसली होतीस. मी घाटात मुद्दाम आरशात बघत होते. वरच्या वळणापर्यंत तू बाहेर बघत होतीस, दुसऱ्या वळणाला डोळे मिटलेस. मला वाटलं, झालं, आता थांबवावी लागणार. कडेला घ्यायला इंडिकेटर दिला, आणि मागून तुझं घोरणं ऐकू आलं. साल मांडीवरून खाली पडली होती. ती अजून सीटखाली आहे, वाळलेली. मी काढली नाही. मामाकडे उतरल्यावर तू म्हणालीस, "एवढ्यात आलं व्हय?"

ही गाडी मी घेतली ती याच्यासाठी, हे मला आधी माहीत होतं असं म्हणणार नाही. मी घेतली ती मला हवी होती म्हणून. पण त्या दिवसापासून तिच्यावर केलेल्या खर्चाचं मला काही वाटेनासं झालंय.

तर पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी पहाटे पाचला येते. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, मग वेंगुर्ला. आईने समुद्र अजून बघितलेला नाही. रविवारी संध्याकाळी परत. आई, तू पुढे बस, सीट मागे सरते, गुडघे दुमडावे लागणार नाहीत. लिंबं घे बरोबर, सरबताला होतील. बाबा मागे. तुम्हाला मागे बसायची सवय नाही, हे माहीत आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तुम्ही स्वतःच लायसन्स कपाटात ठेवलंत, मी चालवायला देणार नाही आणि तुम्ही मागणार नाही.

पण एक काम आहे. पुढच्या उजव्या बाजूला, खड्ड्यातून हळू गेलं की "टक" असा एक आवाज येतो. वेगात येत नाही, ब्रेक धरला की येत नाही. मेस्त्रींनी दोनदा गाडी उचलून बघितली, त्यांना सापडत नाही. लिंक रॉड नवा आहे, बुश नवे आहेत. तुम्ही बसमध्ये साठ माणसांच्या गलक्यात स्प्रिंगचा पाटा तुटल्याचा आवाज ओळखायचात. निघण्याआधी वेशीपर्यंत एक चक्कर मारू, काच खाली करून. तुम्ही फक्त ऐका. तुमची पान्यांची पेटी माळ्यावर आहे, ती काढून ठेवा. सतराचा पाना त्यात आहे का ते बघा, माझ्याकडचा हरवलाय.

तुमची
थोरली