बाईची एकटीची सही पुरेशी आहे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गर्भपाताचा कायदा केंद्राचा आहे, पण बाई ज्या दारात जाऊन उभी राहते ते दार राज्य सरकारचं असतं. ग्रामीण रुग्णालयं, तिथल्या डॉक्टरांच्या नेमणुका, औषधांचा साठा, खासगी दवाखान्यांना मान्यता देणारी जिल्हा समिती, हे सगळं राज्याच्या हातात आहे. १९७१ चा हा कायदा तालुक्याच्या गावापर्यंत पोचलाय का, एवढंच मला विचारायचं आहे. मी उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. माझा अनुभव असा की अजून पोचलेला नाही.

सगळ्यात मोठी आडकाठी नवऱ्याच्या सहीची. कायद्यात अशी सही कुठेही मागितलेली नाही. बाई अठरा वर्षांच्या वरची असेल, तर संमती फक्त तिची. मूल अल्पवयीन मुलीला राहिलं असेल किंवा ती मनोरुग्ण असेल, तेव्हाच पालकाची सही लागते. तरीही किती ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो!

माझ्या भागातल्या एका बाईचं सांगते. दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पिणारं. नवरा ट्रकवर, महिना महिना घरी नाही. पाळी चुकल्याबरोबर ती माझ्याकडे आली होती, गोळ्यांवर भागण्यासारखं होतं. तिला घेऊन मी रुग्णालयात गेले तर सिस्टर म्हणाल्या, "मालक कुठायत?" मी म्हटलं, बाई सज्ञान आहे, तिची सही चालते. "उद्या तो येऊन भांडला तर कोण निस्तरणार? तो नसेल तर सासूला आणा." सासूला कळू द्यायचं नव्हतं, तीच तर अडचण होती. नवरा परत येईपर्यंत गोळ्यांची नऊ आठवड्यांची मुदत उलटली, आणि रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंची बदली झाली. शेवटी खासगीत जाऊन पिशवी साफ करावी लागली. त्यासाठी तिने कानातलं मोडलं. नवऱ्याची ना नव्हतीच. तो नुसता घरी नव्हता.

त्या सिस्टरांची भीती मला कळते. 'बाईच्या सहीवर काम करा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत,' असं वरून त्यांना कुणी कधी लेखी दिलेलंच नाही. वरून येतं ते फक्त धाडींचं आणि नोटिसांचं.

इथे दुसरी गोष्ट येते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. याचा मला अभिमान आहे. २००१ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले गर्भ सापडले, तेव्हा माझ्यासारख्यांना जेवण गेलं नाही. लिंगनिदान करणाऱ्यांना सोडू नका, हेच माझं मत आहे. पण त्या कारवाईची दहशत नको तिथे जाऊन बसली. गर्भपाताच्या गोळ्या ठेवल्या की तपासणी, रजिस्टर, चौकशी, म्हणून औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. डॉक्टरही कटकट नको म्हणून 'आम्ही करत नाही' सांगून मोकळे होतात. वास्तविक नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. मग या गोळ्यांच्या मागे लागून कोणती मुलगी वाचते?

गोळ्या दुकानातून गेल्या म्हणून बायकांची गरज जात नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे की २०१५ या एका वर्षात देशात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांवर झाले. म्हणजे बाई गोळी मिळवतेच. चिठ्ठीवर मिळाली तर कधी, किती घ्यायची आणि अंगावरून किती गेलं की धावत यायचं, हे तिला कळतं. चोरून मिळाली तर यातलं काहीच कळत नाही. रक्त जाऊन पांढऱ्याफटक पडलेल्या बायका रात्री जीपमध्ये घालून आणलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या दवाखान्याला घाबरलेल्या असायच्या.

लग्न न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. २०२१ च्या दुरुस्तीत, गर्भनिरोधक साधन फसल्याबद्दलच्या कलमातलं 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' जाऊन 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २० ते २४ आठवड्यांत गर्भपात करण्याची सवलत अविवाहित स्त्रीलाही आहे. बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि रुग्णालयात? केसपेपर काढतानाच 'मिस की मिसेस' असं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात. मुलगी तिथूनच परत फिरते.

प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक असतो, असलाच पाहिजे. त्याच्याइतकाच ठळक दुसरा फलक राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयात लागावा, अशी आरोग्यमंत्र्यांना माझी विनंती आहे: येथे कायदेशीर गर्भपात होतो, सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरेशी आहे, नाव गुप्त राहील. याला नवा कायदा लागत नाही, आरोग्य विभागाचं एक परिपत्रक पुरे. ग्रामीण रुग्णालयात गोळ्यांचा साठा नेमाने येईल आणि एमबीबीएस डॉक्टरांना कायद्याने ठरवलेलं प्रशिक्षण मिळेल, हेही त्याच परिपत्रकात घालावं. आणि कुणी नवऱ्याची सही मागितलीच तर तक्रार कोणाकडे करायची, तो फोन नंबर त्या फलकावर मोठ्या अक्षरात असावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, मराठवाडा