निळ्याचा हरवलेला ‘ल’

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पणजीच्या फोंतेन्हासमधल्या रस्त्याच्या पाटीचे तू पाठवलेले छायाचित्र पाहिले. पांढऱ्या फरशीवर निळी अक्षरे आहेत आणि नेमका ‘रुआ’चा (म्हणजे रस्त्याचा) पहिला वर्ण टवक्याने गेला आहे. खाली तू लिहितोस की पोर्तुगीजमध्ये ‘अझुल’ म्हणजे निळा, म्हणूनच या फरशीला ‘अझुलेजो’ म्हणतात. तर्क देखणा आहे, पण फसवा. ‘अझुलेजो’ हा झिलईच्या फरशीसाठीच्या ‘झुलैज’ या अरबी शब्दावरून आला. त्याचा निळ्याशी संबंध नाही. हिरव्यापिवळ्या फरशीलाही हेच नाव आहे.

खरी गंमत ‘अझुल’चीच आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानात, कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संगच्या खाणी आहेत. तिथला गडद निळा दगड हजारो वर्षे दूरदेशी जात आला. फारसीत तो ‘लाजवर्द’, अरबीत ‘लाझवर्द’ (आपल्या रसशास्त्रातला ‘राजावर्त’ मला याच घराण्यातला वाटतो). व्यापाऱ्यांबरोबर हे नाव युरोपात पोहोचले, आणि तिथे आरंभीचा ‘ल’ हे आपल्याच भाषेतले उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखे) आहे, अशी ऐकणाऱ्यांची समजूत झाली. तो गळला आणि स्पॅनिश-पोर्तुगीज ‘अझुल’, फ्रेंच ‘अझ्यूर’, इटालियन ‘अझ्झुर्रो’ उरले. तुझ्या पाटीवर टवक्याने जे केले, तेच इथे कानाने केले. लॅटिन लिहिणाऱ्या पंडितांनी मात्र ‘ल’ जपला, म्हणून तोच दगड अजून ‘लॅपिस लाझुली’ आहे.

तू विचारशील, रोमनांकडे स्वतःचा शब्द नव्हता का? ‘कैरुलेउस’ होता, पण लोकांच्या तोंडी तो टिकला नाही. मग लॅटिनच्या लेकींनी, म्हणजे तिच्यातून निघालेल्या भाषांनी, जिथून जमेल तिथून उसनवारी केली. फ्रेंचांनी ‘ब्लो’ हा शब्द फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून घेतला, आणि तो पुढे इटलीत ‘ब्लू’ झाला. त्यामुळे इटालियन माणसाला गडद ‘ब्लू’ आणि आकाशी ‘अझ्झुर्रो’ हे दोन निरनिराळे रंग वाटतात; त्यांचा फुटबॉल संघ ‘अझ्झुर्री’ आहे, ‘ब्लू’ नव्हे. रुमानियनची तऱ्हा मला सगळ्यांत विलक्षण वाटते. तिथे निळ्याला ‘अल्बास्त्रु’ म्हणतात, आणि त्याचे मूळ ‘आल्बुस’, म्हणजे चक्क पांढरा! पांढरट, मग फिकट निळसर, मग निळा, असा तो सरकत गेला असावा.

त्या पाटीवर ‘रुआ’पुढे काय लिहिले आहे, ते छायाचित्रात नीट दिसत नाही, तेवढे कळव.

तुझा,
अविनाश