दोन पिना

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "डोक्यात डबा घालून मिरवायला लहान आहेस का" हे तर नकोच होतं. तू फोन ठेवलास तेव्हा वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही, कारण माझ्या तोंडात आलेलं पुढचं वाक्य त्याहून वाईट होतं. आज शांतपणे लिहितेय. लिहिताना आवाज तरी चढत नाही.

ओरडले ते तुझ्या मोटरवर उघडणाऱ्या शिरस्त्राणाच्या त्या व्हिडिओमुळे. तुम्हाला सगळ्यांना तो गमतीचा वाटला. तोंडावरचं झाकण बंद झालं ते उघडेचना, एकजण शूटिंग करतोय, दुसरा स्क्रूड्रायव्हर शोधतोय, आणि आतून तुझं हसणं. मी तो सहा वेळा पाहिला. 1 मिनिट 40 सेकंद. पाचव्यांदा पाहताना लक्षात आलं, शेवटी शेवटी तू हसत नव्हतास.

पण ते जाऊ दे. त्यावर बोलायचं नाही असं ठरवूनच बसलेय. यंत्राबद्दल बोलते, ते मला येतं.

आधी चांगलं सांगते. कानापाशी एकच बिजागरी लावली असती तर झाकण वर जाताना त्याची वरची कड कपाळावर आपटली असती. तू प्रत्येक बाजूला दोन दांड्या लावल्यास, एक आखूड, एक लांब, त्यामुळे झाकण आधी पुढे सरकतं आणि मग वर चढतं. हे तुला कुणी शिकवलं? मला वाटतं मधल्या खोलीतल्या मशीननं. सहा वर्षांचा होतास तेव्हा पायट्याखाली जाऊन बसायचास, मी शिवत असताना. पायटा, दांडा, चाक आणि ते सगळं धरून ठेवणारा सांगाडा, चारच गोष्टी, पण पाय खालीवर होतो आणि चाक गोल फिरतं. तू विचारायचास, "आई, चाक कधीकधी अडतं का?" तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. दांडा आणि चाकाचा क्रँक, म्हणजे दांडा जिथे जोडलेला असतो तो चाकाचा वाकडा हात, एका रेषेत आले की पायानं कितीही दाबलं तरी चाक हलत नाही. हातानं चाकाला जरा ढकलावं लागतं. त्या जागेला डेड सेंटर म्हणतात. मी तुला म्हटलं होतं, मशीन विचार करतंय. दादा किती दिवस चिडवायचा त्यावरून.

तर तेच डेड सेंटर तू मुद्दाम वापरलंस. झाकण बंद झालं की सर्व्होचा, म्हणजे झाकण उचलणाऱ्या छोट्या मोटरचा, हात आणि दांडी एका रेषेत. बाहेरून कुणी ओढलं तरी जोर सरळ सर्व्होच्या आसावर जातो, हात फिरतच नाही. बंद धरून ठेवायला वीज लागत नाही, गुणगुण नाही, झाकण थरथरत नाही. मी हे तीन जणांना कौतुकानं सांगितलं, त्यातल्या दोघांना काही कळलं नाही. आणि मग रात्री लक्षात आलं की सर्व्हो मेला तर ते बाहेरून कुणालाच उघडणार नाही. लहान सर्व्हो वीज नसताना हातानं हळूहळू फिरवता येतात, आतल्या चाकांच्या दातांचं थोडं नुकसान होईल, होऊ दे. पण तुझ्या या कुलपापुढे हाताचाही उपयोग नाही.

श्वासाचा पंप कुठे ठेवतोस? पोशाखाला खिसा आहे का?

बरं. काय बिघडलं असेल ते सांगते. व्हिडिओतला तो आवाज सलग नव्हता. घुं, थांब, घुं, थांब. सर्व्हो अडकला तर सलग ओरडतो. हे वीज कमी पडण्याचं लक्षण आहे. दोन्ही सर्व्हो एकदम उठतात, त्या क्षणी करंट एकदम वाढतो, व्होल्टेज पडतं, आर्डुइनो, म्हणजे सर्व्होंना हुकूम देणारा बोर्ड, रीसेट होतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा उठवायला जातो. सर्व्होंना बोर्डाच्या 5 व्होल्टच्या पिनेवरून वीज देऊ नकोस. त्यांचा सप्लाय वेगळा ठेव, फक्त ग्राउंड एकत्र जोड, आणि सर्व्होंच्या तारांजवळ क्षणभराची वीज साठवणारा 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, प्लस-मायनस बघून. बॅटरी डोक्याजवळ नको, पाठीवर घे.

दुसरं, डावा-उजवा सर्व्हो आरशासारखे बसतात, म्हणून एकाला 0 कडून 180 कडे आणि दुसऱ्याला 180 कडून 0 कडे पाठवलं असशीलच. पण एकाच कोनाची आज्ञा दिली तरी दोन सर्व्हो तंतोतंत एकाच कोनावर थांबत नाहीत. एकदोन अंशांचा फरक पडला तरी झाकण पिळतं आणि दोघं एकमेकांशी भांडत बसतात. दांड्या काढून, हात मोकळे ठेवून आधी ते जुळवून घे.

वजनाचंही सांगते. झाकण 180 ग्रॅमचं म्हणालास. कानापासून त्याच्या वजनाचा मध्य 9 सेंटिमीटरवर धरला तर फिरवायला लागणारा जोर 1.6 किलो-सेंटिमीटर झाला. दांड्यांमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. दोघांत वाटले तर 0.8. तुझ्या छोट्या सर्व्होवर 1.8 लिहिलेलं असतं, पण तो आकडा अडकून थांबण्याचा आहे, रोज काम करण्याचा नाही. आणि वजन सगळ्यात जास्त केव्हा जाणवतं? बंद असताना, उघडायच्या पहिल्या क्षणी. म्हणजे जेव्हा सुटायची घाई असते, नेमकं तेव्हाच.

बघ, आले फिरून तिथेच.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री 1559 मध्ये गमतीच्या झुंजीत गेला. पूर्ण शिरस्त्राण घातलेलं होतं, तरी भाल्याची किरच डोळ्यात घुसली, दहा दिवसांनी गेला. तुझ्या अंगावर कुणी भाला घेऊन येणार नाही हे मला कळतं. पण काल रात्री मला तोच आठवत होता, त्याला मी काय करू?

व्याख्यान झालं. माफ कर. इतकी वर्षं दुसऱ्यांची बिघडलेली मशीनं बघितली की चालणाऱ्या यंत्राकडेही बिघडलंय असं समजूनच बघायची सवय लागते. तू लहान असताना खोकला आला की मी रात्री तुझ्या छातीला कान लावून बसायचे, तेही असंच असणार. तू झोपेत माझं डोकं ढकलायचास.

कुलूप काढ, बाळू. बंद धरायला हनुवटीशी लहान लोहचुंबक लाव. मात्र जोरदार नको. अर्ध्या किलोच्या ओढीचं चुंबक कानापासून 15 सेंटिमीटरवर बसवलंस तर सर्व्होला साडेसात किलो-सेंटिमीटरशी झुंजावं लागेल, तो हरेल. मध्ये पातळ फोमचा तुकडा घातला की ओढ झपाट्यानं कमी होते. हाताच्या एका बोटानं सुटेल इतकीच राहू दे.

आणि तरीही दांड्या अडकल्याच तर? त्याला जुन्या लोकांनी उत्तर शोधून ठेवलंय. 14व्या शतकातल्या बॅसिनेट नावाच्या शिरस्त्राणांत कानाशी पिना असायच्या. पिना उपसल्या की अख्खं झाकण हातात. वर उचलायची गरजच नाही. तुझ्या दांड्या जिथे झाकणाला जोडल्यात, तिथे स्क्रूच्या जागी तशा पिना घाल.

सोबत दोन पाठवतेय. आजीच्या विणकामाच्या सुया कापल्या, 3 मिलिमीटरच्या, हिरव्या जोडीतल्या. ताईला सांगू नकोस. टोकं कानशीनं गोल केलीत, दुसऱ्या टोकाला कडी आणि लाल फीत बांधलीय, बाहेरून कुणालाही दिसेल अशी. भोक 3.2 चं पाड, घट्ट केलंस तर उपयोग नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन लागतील हे लिहिता लिहिता आत्ता कळलं. उरलेल्या दोन उद्या कापते.

शनिवारी घालण्याआधी बॅटरी काढून ठेव, झाकण बंद कर, आणि जो मित्र स्क्रूड्रायव्हर शोधत होता त्याला पिना उपसायला सांग. किती सेकंद लागले ते मला कळव. व्हिडिओही पाठव, ओरडणार नाही.

तुझी,
आई

ता. क. डोळ्यांतले दिवे फार छान दिसतात. आधीच सांगायला हवं होतं.